गर्भपिशवी न काढता केलेलं सर्व्हायकल कॅन्सरचं ऑपरेशन : गोव्यातल्या एका हॉस्पिटलचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकते, हॉस्पिटलचं नाव इथे मिळणार नाही. गोवा केवढासा, नाव टाकलं की संध्याकाळपर्यंत डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळ्यांना कळणार मी कुणाची सून आणि माझ्या पिशवीचं काय झालं. पणजीपासून फार लांब नसलेलं एक प्रायव्हेट हॉस्पिटल, एवढं पुरे. बाकी सगळं मात्र मोकळेपणाने लिहितेय, कारण मी रात्र रात्र मोबाइल घेऊन शोधत होते तेव्हा मराठीत 'लक्षणे व उपाय' छापाचे लेख मिळाले आणि त्यातल्या एकाच्या शेवटी तर हळदीचं दूध. हे ऑपरेशन करून घेतलेल्या बाईने काय काय होतं ते लिहिलंय असं काही दिसलंच नाही.

माझं वय ३२, मूल नाही. संबंधानंतर थोडं रक्त जायचं, पुन्हा झालं तशी गायनॅककडे गेले, तिने पॅप केला (तोंडावरच्या पेशी घेऊन तपासतात), मग कोल्पोस्कोपी (भिंगातून बघतात), मग बायोप्सी, आणि बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. तिथून आम्हाला एका मोठ्या ठिकाणी पाठवलं (हे ते साडेतीन स्टारवालं नाही, हे दुसरंच) आणि तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडली, माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "किती मुलं?" तो म्हणाला नाही. "बरं, पुढे दत्तक घेता येतं, आता जीव महत्त्वाचा. मंगळवारी पिशवी काढून टाकू." एमआरआय झाला नव्हता, गाठ किती मिलिमीटरची आहे ते कुणाला माहीत नव्हतं, पण मंगळवार ठरला होता. मी तोंड उघडायच्या आत पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. पिशवी काढणं चूक असं मी म्हणत नाही हं, कितीतरी बायकांसाठी तोच योग्य उपाय असतो आणि माझ्यासाठीही कदाचित ठरला असता. पण ज्या बाईची पिशवी तिला एका शब्दाने विचारायचं तरी.

मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने या हॉस्पिटलातल्या गायनॅक-ऑन्को, म्हणजे बायकांच्या कॅन्सरच्या, सर्जनकडे गेलो. ती बाई (बाईच म्हणते, डॉक्टर मॅडम म्हटलेलं तिला आवडत नाही, "माझं नाव घे" म्हणते आणि ते मला मेलं जमत नाही) तर तिने पहिला प्रश्न मला विचारला. "तुला मूल हवंय का? आत्ता नको, पुढे कधी?" हवंय म्हटलं तर लगेच हो हो होईल असंही नाही म्हणाली. प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर चित्र काढलं. म्हणाली पिशवी म्हणजे देठ खाली करून धरलेला पेरू समज, देठाकडचं टोक म्हणजे तोंड, सर्व्हिक्स, तुझी गाठ तिथे आहे. ट्रॅकेलेक्टॉमीत ते टोक, त्याच्या दोन्ही बाजूंचा टिशू आणि योनीचा वरचा थोडा भाग काढतात, वरची पिशवी आणि ओव्हरीज जागच्या जागी ठेवतात, आणि उरलेल्या पिशवीला खालून न विरघळणारा कायमचा टाका घालून ती परत योनीला जोडतात. पाळी येते, गर्भ राहू शकतो, डिलिव्हरी मात्र सिझेरियननेच. कॉटेरीने तोंड जाळणं, कोन काढणं वगैरे जे आपण ऐकतो त्याच्यापेक्षा हे पुष्कळ मोठं ऑपरेशन आहे, नावात 'रॅडिकल' उगीच नाही.

घरी येऊन वाचलं तर फ्रान्समधल्या लियॉंच्या डॅनियल दार्जां नावाच्या डॉक्टरने हे १९८७ मध्ये पहिल्यांदा केलं होतं, योनीमार्गाने. म्हणजे ऑपरेशन माझ्यापेक्षा वयाने मोठं, आणि तरी त्या मंगळवारवाल्या डॉक्टरांच्या तोंडून त्याचं नाव निघालं नव्हतं.

आता पॅथॉलॉजीबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण माझा सगळा प्लॅन तिथे फिरला. सर्जन म्हणाली की तुझा बायोप्सीचा रिपोर्ट फारच त्रोटक आहे, आधी मी एक कोन काढते म्हणजे तोंडाचा शंकूसारखा तुकडा, तो नीट मोजू दे, आणि मग सगळ्या स्लाइड आणि ब्लॉक दुसरीकडे वाचून घेऊ. कोन छोट्या अ‍ॅनेस्थेशियात झाला, त्याच संध्याकाळी घरी. रिपोर्ट आला त्यात 'इनव्हेजिव्ह' लिहिलेलं पण रक्ताच्या आणि लिम्फच्या नळ्यांत पेशी शिरल्यात का, ज्याला ते एलव्हीएसआय म्हणतात, त्यावर अवाक्षर नाही. मग स्लाइड आणि ब्लॉक मागायला लॅबमध्ये गेलो तर तिथल्या माणसाने असं तोंड केलं जसं काही आम्ही त्याच्या घरचे दागिने मागतोय. द्यावेच लागतात त्यांना, अर्ज करा, सही करा, घ्या. ब्लॉक म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, प्लास्टिकच्या जाळीच्या चौकटीवर पिवळट मेणाचा चौकोन आणि त्या मेणात आत तपकिरी ठिपक्याएवढी मी. कडेला पेन्सिलने नंबर. उन्हात ठेवू नका असं सांगितलं, आणि एप्रिल महिना, गोव्याचा एप्रिल माहीतच आहे तुम्हाला, तर नवऱ्याने ते थर्मासच्या पिशवीत घालून कोकणकन्येने रात्रीतून मुंबईला नेले, परळला टाटा मेमोरियलला रिव्ह्यूला दिले.

त्यांच्या वाचनात आलं : खोली ६ मिलिमीटर, रुंदी १४ मिलिमीटर, आणि एलव्हीएसआय आहे, थोड्या जागी पण आहे. स्टेज आयबी१. फिगो म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना, तिच्या २०१८ च्या स्टेजिंगप्रमाणे खोली ५ मिलिमीटर किंवा जास्त आणि गाठ २ सेंटिमीटरच्या आत असेल तर आयबी१. आता हे का महत्त्वाचं, तर हल्ली अगदी कमी रिस्कच्या बायकांना एवढं मोठं ऑपरेशन न करता नुसता कोन काढून आणि लिम्फ नोड (कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो त्या ग्रंथी) तपासून सोडता येतं का यावर बरंच काम झालंय, कॉनसर्व्ह नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला त्यात गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, खोली १० मिलिमीटरपर्यंत, कोनच्या कडा स्वच्छ आणि एलव्हीएसआय अजिबात नको अशा अटी होत्या. माझ्या जुन्या रिपोर्टवर मी त्यात सहज बसत होते. नव्या वाचनानंतर नाही. म्हणजे एक ओळ लिहायची राहिली म्हणून गरजेपेक्षा कमी ऑपरेशन झालं असतं, आणि त्या मंगळवारी तर काही न मोजताच सगळी पिशवी गेली असती. बायांनो, दुसरं काही करा न करा, स्लाइड रिव्ह्यू करून घ्या.

एमआरआय झाला, त्यात गाठीच्या वरच्या टोकापासून पिशवीच्या आतल्या तोंडापर्यंत अंतर किती ते बघतात, माझं १ सेंटिमीटरच्या वर होतं, ते पुरेसं आहे असं सर्जन म्हणाली. नोड फुगलेले दिसत नव्हते.

इथे काउन्सेलिंगबद्दल लिहायलाच हवं कारण या हॉस्पिटलचा पहिला पूर्ण स्टार त्यालाच आहे. नवऱ्याला वेगळं बसवून एचपीव्हीबद्दल, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या आणि हा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसबद्दल, समजावलं. त्याच्या मनात (आणि माझ्या सासरच्या निम्म्या लोकांच्या मनात) हे कुठून आलं हा प्रश्न होताच, तोंडाने कुणी विचारत नव्हतं. काउन्सेलरने सरळ सांगितलं की हा व्हायरस इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो, कुणाकडून कधी आला ते शोधणं अशक्य आणि निरर्थक, वर्षानुवर्षं तो गप्प बसून असू शकतो. विषय तिथे संपला. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीने तिच्या मुलीला एचपीव्हीची लस दिली, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक. त्या एका बैठकीने दोन घरांत काम केलं. आणि फर्टिलिटीवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटही ऑपरेशनच्या आधीच लावून दिली, कारण नोडमध्ये काही निघालं तर ऑपरेशन अर्धवट सोडून केमो-रेडिएशनकडे जावं लागतं आणि रेडिएशनमध्ये पिशवी आणि ओव्हरीज दोन्ही गेल्यासारख्याच, तेव्हा एग्ज फ्रीझ करायची का, ओव्हरीज वर सरकवून ठेवायच्या का, हा विचार तेव्हाच करावा लागतो. टेबलावर झोपल्यावर कोण विचारणार.

दुर्बीण की चीर? नवऱ्याला रोबोट हवा होता. हॉस्पिटलच्या गेटवरच रोबोटिक सर्जरीचा भला मोठा बॅनर आहे, हसरं जोडपं वगैरे, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. सर्जन म्हणाली तुझ्या बायकोला मी पोट उघडून करणार. २०१८ मध्ये एक मोठी ट्रायल आली, लॅक नावाची, त्यात याच कॅन्सरसाठी पिशवी काढायचं रॅडिकल ऑपरेशन दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेल्यांत साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या ८६ टक्के आणि पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के. डॉक्टर लोकांनाही धक्काच होता तो, सगळ्यांना उलटंच वाटत होतं. ट्रॅकेलेक्टॉमीवर अशी ट्रायल झालेली नाही, जुने रेकॉर्ड जमवून केलेल्या अभ्यासात दोन्हींत फरक दिसला नाही, पण "माझा हात उघड्या ऑपरेशनवर जास्त विश्वास ठेवतो" असं ती म्हणाली. ज्या हॉस्पिटलच्या गेटवर रोबोट, तिथली डॉक्टर तोंडावर रोबोट नको म्हणते. दुसरा पूर्ण स्टार.

तिकडे सासूबाईंनी कुळदेवीला कौल लावला. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली, म्हणजे करा. सासूबाई एकदम निर्धास्त झाल्या, डबे भरायला लागल्या. मी म्हटलं आई, अजून फ्रोझन सेक्शनचा कौल यायचाय. त्या म्हणाल्या तो पण तीच देणार. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं.

फ्रोझन सेक्शन म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून मायक्रोस्कोपखाली बघतात. आधी नोड. गर्भाशयाच्या तोंडात निळा डाय टोचतात, तो ज्या नोडमध्ये पहिल्यांदा पोचतो ते सेंटिनेल नोड काढून पाठवतात. त्यात कॅन्सर असेल तर ट्रॅकेलेक्टॉमी रद्द. नसेल तर तोंड काढायचं आणि त्याची वरची कड परत पाठवायची, ती स्वच्छ नसेल तर आणखी कापायचं, तरीही नसेल तर पिशवी काढायची. म्हणजे कन्सेंट फॉर्मवर मी तीन वेगवेगळ्या शेवटांवर सही करून आत गेले. तो फॉर्म मात्र फक्त इंग्रजीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कोकणीत समजावलं, वॉर्डातल्या रेसिडेंटने मराठीत, पण सहीचा कागद इंग्रजीत, सासूबाईंना साक्षीदार म्हणून सही करायला लावली त्यांनी काय वाचलं असेल. हे बदलायला काय जातं यांचं?

शुद्धीवर आले तेव्हा पहिलं विचारलं, "आहे?" रिकव्हरीतली सिस्टर म्हणाली, "आसा, आसा, सगळें आसा." बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर युरिनच्या बॅगेत हिरवट-निळं. हिरवं म्हणजे अक्षरशः कोकमाऐवजी खसचं सरबत. मी किंचाळलेच. सिस्टरने बॅग उचलून उजेडात धरली, हसली, "भिवं नाका गो, तो डायीचो रंग, फाल्यां वतलो." आणि गेलाच. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढे सगळे कागद दिले त्यात ही एक ओळ नव्हती.

वॉर्डातल्या सिस्टर्सना मी पाचच्या पाच देईन. रात्री अडीचला ड्रेनची बाटली बदलायला येणारी एक म्हापशाची मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची असेल, ती दर वेळी आधी हात गरम करायची, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून, आणि मगच पोटाला हात लावायची. कुणी शिकवलं नसणार तिला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर ते बारीक सुईचं इंजेक्शन रोज, पायात घट्ट पांढरे मोजे, पहिल्याच दिवशी उठवून चालवणं, हे सगळं घड्याळ लावल्यासारखं. दुखलं म्हणाल तर एपिड्युरलमुळे, म्हणजे पाठीत घातलेल्या भुलीच्या नळीमुळे, वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेही नाही, खोकल्यावर मात्र ब्रह्मांड आठवतं, उशी पोटाशी धरून खोका.

जेवण सुमार. हॉस्पिटलची पेज म्हणजे कोमट पाण्यात भाताची शितं. सासूबाईंचं आटवल आलं आणि मी जिवंत झाले. खालच्या कॅन्टीनची पातळ भाजी आणि पाव चांगला आहे पण तो पेशंटसाठी नाही, नवऱ्यासाठी, त्याने रोज खाल्ला आणि रोज येऊन मला वर्णन करून सांगितलं. पार्किंग विचारू नका.

आता कॅथेटर. याबद्दल कुणी बोलत नाही. तोंडाच्या बाजूचा टिशू काढताना ब्लॅडरच्या नसा दुखावतात, त्यामुळे लघवी आपली आपण पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि कॅथेटर ठेवूनच घरी सोडतात. घरी मॅक्सीच्या आतून नळी, हातात बॅग, चवथीचे दिवस जवळ आलेले, घरात माटोळीची गडबड, पाहुणे, आणि मी बॅग ओढणीखाली लपवून बसलेली. काढायला बोलावलं तेव्हा लघवी झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीवर बघतात, माझी जास्त उरली, परत नळी. पुढच्या वेळी जमलं. हे नॉर्मल आहे असं सांगितलं आणि ते खरंच नॉर्मल आहे, चिडायचं नाही.

पण चिडले मी दुसऱ्याच गोष्टीवर. त्या दिवशी सकाळी बोलावून दुपारपर्यंत बसवलं, आणि कुठे बसवलं तर प्रेग्नन्सीच्या ओपीडीत, कारण गायनॅक-ऑन्कोला वेगळी ओपीडी नाही, बाकं एकच. समोर बाळांची पोस्टर्स, बाजूला सातव्या-आठव्या महिन्याच्या बायका, त्यातली एक प्रेमाने मला विचारते, "कितवा महिना?" मी म्हटलं गे बाय, माझी लघवीची पिशवी आहे ही. ती बिचारी कानकोंडी. तिची काय चूक. ज्या बायकांची पिशवी खरंच काढावी लागलीय त्याही याच बाकावर बसतात हो. मी रिसेप्शनला सांगितलं, फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, पुढच्या वेळी गेले तरी बाकं तीच. एक स्टार इथे गेला, अख्खा.

फायनल पॅथॉलॉजी आली, कडा स्वच्छ, नोड सगळे निगेटिव्ह, पुढे केमो-रेडिएशन नको. सर्जनने फोन स्वतः केला, रिसेप्शनकडून नाही.

पैशाचं. बिल इन्शुरन्समधून जायचं होतं, नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी. प्री-ऑथ, म्हणजे आधी घ्यायची मंजुरी, नाकारलं! कारण हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या मुलाने फॉर्मवर प्रोसीजरच्या रकान्यात 'फर्टिलिटी सर्जरी' लिहिलं होतं आणि आपल्याकडच्या पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात, ते एक ठरलेलंच कलम आहे. टीपीएवाल्याने (इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम तपासणारा) फर्टिलिटी शब्द बघितला आणि लाल शिक्का. कॅन्सर शब्द त्याला दिसलाच नाही. मग सर्जनने पत्र दिलं की ही कॅन्सरची सर्जरी आहे, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी आणि लिम्फ नोड, पिशवी राहते हा तिचा प्रकार आहे, हेतू कॅन्सर काढणं हाच आहे, आणि मग पास झालं, तेही अ‍ॅडमिशनच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, फर्टिलिटी शब्द फॉर्मच्या आसपास फिरकू देऊ नका. फ्रोझन सेक्शन आणि सेंटिनेलचा डाय पॅकेजच्या बाहेर होते, तेही आधी विचारा. ज्यांचं इन्शुरन्स नाही त्यांनी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाचं आधीच बघून घ्या, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख अशी मर्यादा आहे, कोणत्या हॉस्पिटलात कोणत्या ऑपरेशनला चालतं ते तिथल्या डेस्कवर लेखी विचारायचं. आणि बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, आधी दाखवून या असं मी कुणालाही सांगेन, प्रायव्हेटच हवं असं काही नाही.

घरी आल्यावर काही महिने बरे गेले आणि मग पाळीत भयानक दुखायला लागलं, रक्त मात्र जेमतेम. टाक्याजवळचं नवं तोंड आवळून आलं होतं, स्टेनोसिस म्हणतात, या ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकीला होतं. रक्त आत साठतं. थोड्या वेळाची भूल देऊन रुंद केलं. इथे हॉस्पिटलचं कौतुक, फोन केला त्या दिवशी बघितलं, चार दिवसांनी या असं नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर 'पाळीत रक्त कमी आणि दुखणं जास्त असेल तर लगेच या' असं लिहिलेलं असायला हवं की नको? तिथे होतं जखम कोरडी ठेवा आणि तिखट खाऊ नका.

तपासण्या चालू आहेत, पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. स्मीअर घेतात तो आता पिशवीच्या खालच्या भागातून येतो, त्यात आतल्या अस्तराच्या पेशी येतात आणि ज्याला माहीत नाही असा पॅथॉलॉजिस्ट त्यालाच अ‍ॅबनॉर्मल म्हणू शकतो. म्हणून प्रत्येक फॉर्मवर 'ट्रॅकेलेक्टॉमी झालेली' असं मी स्वतः पेनाने लिहिते.

मुलाचं. प्रयत्न करायला परवानगी मिळालीय, सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात तसं थांबलो. आकडे विचाराल तर सर्जनने जे सांगितले ते असे की २ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण पिशवी काढलेल्यांइतकंच, साधारण ५ टक्क्यांच्या आत. प्रयत्न करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणींना दिवस जातात. त्यातल्या दहापैकी सातेक गर्भ जिवंत बाळापर्यंत पोचतात, आणि वेळेआधी डिलिव्हरी होण्याचं प्रमाण खूपच जास्त, तीनातल्या एकीहून अधिक, कारण खालचं दार आता फक्त एका टाक्याच्या भरवशावर. म्हणजे पिशवी वाचली म्हणजे बाळ मिळालं असं नाही, आणि हे तिने ऑपरेशनच्या आधी सांगितलं, नंतर नाही. आमचं काय चाललंय ते विचारू नका. विचारणारे आधीच पुष्कळ आहेत, जत्रेत देवापेक्षा माझ्या पोटाकडे जास्त बघतात.

इन्बॉक्समध्ये 'मलाही करायचंय' असं लिहिणाऱ्यांसाठी एकच, हे मागून मिळत नाही. गाठ २ सेंटिमीटरच्या वर गेली की गणित बदलतं, २ ते ४ मध्ये आधी केमो देऊन गाठ लहान करून मग, असं काही ठिकाणी करतात पण त्यावर अजून अभ्यासच चालू आहेत. नोडमध्ये गेलेला, किंवा न्यूरोएंडोक्राइन नावाचा आक्रमक प्रकार असेल तर कुठलाही शहाणा सर्जन पिशवी ठेवायला जाणार नाही. उलट अगदी पहिल्या पायरीला, ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोली आणि एलव्हीएसआय नसेल तर नुसता कोन पुरतो, एवढं मोठं करायची गरजच नाही. आणि ज्यांना मूल नकोच आहे किंवा झालंय त्यांनी पिशवी गेली म्हणून स्वतःला काही कमी समजायचं कारण नाही, माझ्या शेजारच्या बेडवरच्या माशेलच्या काकी पिशवी काढून माझ्याआधी घरी गेल्या आणि जाताना मलाच धीर देऊन गेल्या.

तर स्टार. सर्जन, काउन्सेलिंग आणि सिस्टर्सना पूर्ण. ओपीडीच्या बाकांचा एक गेला. उरलेला अर्धा कशात गेला ते सांगते, ऑपरेशन नोटची कॉपी. कायमचा टाका नेमका कुठे आणि कशाचा घातलाय ते पुढे दिवस गेले तर डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून माहीत हवं, सर्जनने स्वतः सांगितलं होतं की ती नोट घेऊन ठेव. मागायला गेले तर मेडिकल रेकॉर्ड्सवाला म्हणतो डिस्चार्ज समरी दिलीय ना, अजून काय पाहिजे. अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, पुढच्या आठवड्यात या, साहेब रजेवर, आणि शेवटी तीन पानांच्या झेरॉक्सचे पाचशे रुपये, वर पावती नाही. पावती मागितली तेव्हा कुठे दिली.